कोठारातील धान्याचे स्वामित्व

इटियाडोहच्या जलाशयात गाढवी नदीचे पाणी अडले आणि कालव्यांच्या वाटेने ते गावोगावच्या बांध्यांत उतरले. त्या पाण्यावर पिकलेले धान आधारभूत किमतीने खरेदी केंद्रावर मोजले जाते, गिरणीत भरडले जाते, आणि सरकारी गोदामातून निघालेला तसाच तांदूळ, ज्याला झाडीपट्टीतील जुनी माणसे आजही 'कंट्रोल' म्हणतात त्या स्वस्त धान्याच्या दुकानातून, धानाची रोवणी करणाऱ्या मजूर बाईच्या पिशवीत येऊन पडतो. या तांदळाला दान म्हणावे काय, हा प्रश्न मला केवळ अर्थकारणाचा वाटत नाही. तो धर्मविचाराचा आहे.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास 5 किलो धान्य ठरवून दिले. जानेवारी 2023 पासून त्याचे मोलही घेतले जात नाही. तेव्हापासून, ज्यांच्या कणग्या भरलेल्या आहेत अशांच्या तोंडी 'फुकटचे खाणारे' हे शब्द फार सहज येऊ लागले आहेत, आणि ते ऐकून मन विषण्ण होते.

वस्तूवरचे आपले स्वत्व सोडून त्या जागी दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, हे धर्मशास्त्राने दानाचे लक्षण मानले. मग सरकारपाशी मुळात स्वत्व कोठे आहे? पाणी नदीचे, घाम शेतकऱ्याचा आणि मजुराचा, खजिना रयतेचा. त्या खजिन्यात काडेपेटी आणि साबण विकत घेणाऱ्या या बाईचाही वाटा आहेच. जे आपले नाही ते देणारा विश्वस्त असतो, दाता नव्हे. आणि दाताच नसेल तर पुण्यही नाही, उपकारही नाही, घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे प्रयोजनही नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने ऐकतो: दुष्काळात त्यांनी बहामनी बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन त्या धान्याची रक्कम भरली. देवाने बादशहापाशी माफी मागितली नाही. दाम मोजले आणि पावती घेतली, हे मला त्या कथेचे मर्म वाटते. भुकेल्यांच्या पोटात गेलेला दाणा कोणाची मेहेरबानी म्हणून दप्तरात राहू नये, याची तजवीज साक्षात देवाने केली. आणि तीही गावकुसाबाहेरच्या माणसाचे रूप घेऊन.

आज या व्यवहारात पावती आहे, पण तिच्या आधी यंत्र आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात बोटे भिजून भिजून त्यांवरच्या रेषा पुसट होतात. बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते, आणि दुकानदार म्हणतो, 'अंगठा उठत नाही.' ज्या कष्टाने धान उभे राहिले त्याच कष्टाने तिची ओळख पुसावी आणि ती ओशाळून बाजूला सरावी, हे मला अधर्म्य वाटते. तिने ओशाळावे असे येथे काही नाही. ठरलेले धान्य मिळाले नाही, तर राज्य सरकारने त्या कुटुंबास अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, असे त्याच कायद्याचे आठवे कलम सांगते. म्हणजे कायद्याच्या नजरेतही त्या दुकानात ऋणको सरकार आहे आणि धनको ती बाई.