श्रद्धा, देह आणि दंडविधान

एखादे राज्य आपल्या दंडविधानात नवा गुन्हा समाविष्ट करते, तेव्हा कालपर्यंत रूढी किंवा घरगुती उपचार म्हणून खपून गेलेली कृती आजपासून सार्वजनिक अपराध ठरते. आणि ती कृती धर्मभावनेतून घडत असेल, तर माणसाच्या विश्वासावर शासनाची सत्ता कुठवर चालावी, हा जुना तात्त्विक प्रश्न मसुदाकारांपुढे उभा राहतो. महाराष्ट्रात हा प्रश्न जादूटोणाविरोधी कायद्याच्या निमित्ताने दीर्घकाळ गाजला. अशा कायद्याची मागणी करणारा अशासकीय ठराव विधान परिषदेने १९९५ मध्ये संमत केला. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने मंजूर केलेले विधेयक परिषदेत अडकले. हरकतींमागून हरकती येऊन मसुदे बदलत गेले. आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी या कायद्यासाठी झटणारे नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच शासनाने अध्यादेश, म्हणजे विधिमंडळाचे अधिवेशन नसताना राज्यपालांनी काढावयाचा तात्पुरता कायदा, जारी केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात त्याचे अधिनियमात रूपांतर झाले.

या विलंबामागे राजकारण होते, तसा एक खरा वैचारिक पेचही होता. श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती हे शासनाने ठरवायचे म्हटले, तर उद्या वारी, नवस आणि कीर्तनही पोलिसांच्या अखत्यारीत जाईल, अशी भीती वारकरी संप्रदायातील काही मंडळींनी व्यक्त केली होती. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ सदसद्विवेकाचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवतो. त्यामुळे सीमा असणार हे गृहीतच होते, ती कुठे आखायची एवढाच वाद होता. अंतिम अधिनियमाने अंधश्रद्धेची व्याख्या केलीच नाही. त्याऐवजी त्याने अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, विशिष्ट कृती नोंदवल्या, आणि प्रदक्षिणा, यात्रा, पूजा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नसल्याचे स्वतंत्र कलमात स्पष्ट केले.

या मांडणीचा अर्थ ठाणे जिल्ह्यातल्या सापगावसारख्या ठिकाणी नीट उमगतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची वस्ती आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वावरणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका असतो, आणि दवाखाना दूर असेल तिथे पाड्यावरचा भगत, म्हणजे मंत्र व जडीबुटीने उपचार करणारा जाणता माणूस, आधी आठवतो. अनुसूची भगताच्या मंत्राला खोटा म्हणत नाही. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचा प्रयोग करणे, हा ती गुन्हा मानते. मंत्र म्हणणारा आणि त्यावर विसंबणारा दोघेही मोकळे आहेत. दुसऱ्याची दवाखान्याची वाट अडवणारा मोकळा नाही. ब्रिटनने १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हा रद्द करून चेटकाची शक्ती असल्याचे ढोंग करणे हा गुन्हा ठरवला, तेव्हा चेटूक मुळातच नाही असा निवाडा त्यात गृहीत होता. महाराष्ट्राच्या कायद्यालाही चमत्काराच्या नावाने फसवणूक करून पैसा कमावणे वर्ज्य आहे. तरी त्याचा मुख्य भर सत्यासत्यापेक्षा इजेवर आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की मारहाण, कोंडून ठेवणे, फसवणूक हे १८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार आधीपासूनच गुन्हे होते, मग वेगळ्या कायद्याची गरज काय? सामान्य कायदा गृहीत धरतो की मार खाणाऱ्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटेल आणि तो तक्रार करील. भूत उतरवण्यासाठी मिरचीची धुरी देणारे मात्र पुष्कळदा घरचेच असतात, आणि धुरी सोसणाऱ्याचीही त्यात आपले भलेच आहे अशी समजूत असते. शिवाय अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे गाईचे दूध आटले, असे जाहीर करणे हाही अनुसूचीत गुन्हा आहे, हे पहिल्या नजरेत मतस्वातंत्र्यावरचे आक्रमण वाटते. परंतु वाडीवस्तीवर असे जाहीर झाले की ते नुसते मत राहत नाही, तो शिक्षेचा निकाल होतो. मुरबाड तालुक्यात मार्च २०२४ मध्ये एका वृद्धाला जादूटोण्याच्या संशयावरून घरातून ओढून नेऊन निखाऱ्यांवर नाचायला लावल्याचा आरोप झाला, आणि त्या प्रकरणी या कायद्याखालीही गुन्हा नोंदवण्यात आला.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी करणीच्या आरोपासाठी स्वतंत्र गुन्हा तिच्यात नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारातला विषय असल्याने राज्याचा अधिनियम तिच्या जोडीने चालू राहतो. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड त्यात आहे. ही शिक्षा कोणाचा विश्वास बदलण्यासाठी नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे हे कायद्याकडून धर्मोपदेशकाचे काम मागणे होईल. माणसाने आपल्या श्रद्धेची किंमत स्वतः मोजावी, ती दुसऱ्याच्या देहातून वसूल करू नये, एवढेच शासन सांगू शकते. मात्र हे सांगण्याचा नैतिक अधिकार त्याला तेव्हाच पुरता लाभतो, जेव्हा भगताला पर्याय म्हणून दाखवलेल्या दवाखान्यात रात्रीच्या वेळीही डॉक्टर आणि सर्पविषावरचा उतारा सापडतो. एरवी दंडविधान वाट अडवणाऱ्याला शिक्षा करील, आणि वाट मुळात न बांधणारे शासन त्यातून सुटेल.