सावकार दाराशी उभा असता

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ४, वचने १ ते ७



अलीशा संदेष्ट्याकडे जी विधवा आक्रोश करीत आली, तिचा नवरा दुराचारी किंवा उधळ्या होता असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. तो संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक असून परमेश्वराचे भय बाळगणारा होता. तरी तो कर्ज ठेवून मेला, आणि सावकार त्याच्या दोन मुलांस दास करून नेण्यास निघाला. ही गोष्ट आम्ही आरंभीच पुढे ठेवतो, कारण आमच्या मंडळ्यांतून अशी एक समजूत आढळते की जो कर्जात बुडाला त्याच्या हातून काहीतरी गुप्त पाप घडलेच असले पाहिजे. ह्या समजुतीमुळे कर्जदार भक्तीस येण्याचे सोडतो, मागल्या बाकावर बसू लागतो, आणि अखेर आपल्या अडचणीची गोष्ट पाळकापासूनही लपवितो. आमच्या उपदेशक बंधूंनी निदान व्यासपीठावरून तरी हा दगड कोणावर टाकू नये.

पैठणच्या गोदाकाठी कर्ज कसे होते हे ज्याने पाहिले आहे तो असा दगड टाकणार नाही. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे होऊन नाथसागर भरला. कित्येकांची शेते त्याच्या पाण्याखाली गेली व कित्येकांची त्याच्या कालव्याने भिजली. ज्यांस पाणी मिळाले त्यांनी ऊस व मोसंबी लावली. पाचोडच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागू लागले. मोसंबीचे झाड चार-पाच वर्षे पोसावे लागते, मग ते फळ देते. तोवर मालक बँकेच्या पैशावर चालतो. २०१२-१३ च्या दुष्काळात औरंगाबाद व जालना जिल्ह्यांतील बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी आपल्या हाताने लावलेली झाडे आपल्याच हाताने तोडली. झाड गेले, पण त्याच्या नावाचे कर्ज वहीत तसेच राहिले. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी होऊन धरणाचे दरवाजे उघडावे लागले व नदीकाठची उभी पिके बुडाली. एकदा पाण्यावाचून व एकदा पाण्याने, असे ज्याचे दोनदा गेले, त्याच्या घरी जाऊन आम्ही त्याच्या पापाची चौकशी करावी काय?

तथापि कर्जाच्या कामी एक दोष खरोखर पुष्कळांत आहे, आणि तो म्हणजे हिशेब न पाहणे. पैठणच्या मातीत ह्याचा एक मोठा धडा पडलेला आहे. एकनाथमहाराज तरुणपणी देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम करीत असता एका पैची चूक निघेना म्हणून रात्रभर दिव्याशी बसले, आणि ती सापडताच आनंदाने त्यांनी टाळी वाजविली, ही कथा आमच्या गावांतील लहान मुलासही ठाऊक आहे. स्वामींनी त्या प्रसंगावरून त्यांस जो परमार्थाचा उपदेश केला तो सर्वजण सांगतात. आम्ही येथे त्या पैचाच विचार करू. ती पै दुसऱ्याची होती, म्हणून तिच्यासाठी झोप मोडली. आपणांपैकी किती जणांस आपल्या कर्जाचा आकडा ठाऊक आहे? मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज कोणत्या तारखेपासून लागले, विम्याचे पैसे खात्यातून कधी कापले गेले, हे विचारले असता पुष्कळजण, सारे सोसायटीच्या सचिवास ठाऊक, असे म्हणून मोकळे होतात. बँकेने खातेउतारा द्यावयाचा असतो; तो मागावा, आणि वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीकडून वाचून घ्यावा.

नाथषष्ठीची यात्रा फाल्गुनात भरते, आणि बहुधा त्याच सुमारास बँकांचा मार्च महिना येतो. ज्या दिवसांत पैठणच्या रस्त्यांवर दिंड्या चालतात त्याच दिवसांत कर्जदार ‘नवे-जुने’ करण्यासाठी दारोदार फिरत असतो. नवे-जुने म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. खासगी माणसाकडून आठ-पंधरा दिवसांसाठी जबर व्याजाने पैसे घ्यावयाचे, ते बँकेत भरून जुने कर्ज मिटवावयाचे, नवे कर्ज उचलावयाचे आणि त्यातून त्या खासगी माणसाचे देणे व्याजासह भागवावयाचे. मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्यास मोठी सवलत आहे हे खरे. तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी मिळते, वेळेवर फेडल्यास केंद्र सरकार तीन टक्के सोडते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने उरलेला भारही हलका होतो. परंतु ही सवलत मिळविण्यासाठी जो दरसाल खासगी सावकाराच्या ओट्यावर बसतो, त्याच्या कर्जाचे मुद्दल जागचे हालत नाही; वहीवरची तारीख तेवढी बदलते.

आता त्या विधवेकडे पाहा. तिने पहिली गोष्ट ही केली की ती घराबाहेर पडली आणि जे होते ते स्पष्ट बोलली. ती सावकाराच्या भीतीने दुसऱ्या सावकाराकडे गेली नाही, आणि दार लावून अंधारात बसलीही नाही. जो कर्जदार नोटीस न फोडताच आढ्याला खोचून ठेवतो त्याने तिच्यापासून शिकावे. नोटिशीत मुदत असते आणि मुदतीत हक्क असतो. तारणावर जप्ती आणण्याच्या २००२ च्या कायद्यात साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि शेतजमिनीस तर तो कायदा लागूच होत नाही, हे नोटीस न वाचणाऱ्यास कसे कळावे? ज्या वर्षी पीक बुडाले व शासनाने आपत्ती जाहीर केली, त्या वर्षी पीककर्जाचे पुनर्गठन करून हप्ते लांबविण्याची तरतूद असते. त्यासाठी बँकेत जाऊन अर्ज करावा लागतो. पुढे एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत हीही दारे आहेत. जो व्यवस्थापकास टाळण्यासाठी बाजाराचा रस्ता बदलतो त्याच्यासाठी ह्यांतले एकही दार उघडत नाही.

खासगी सावकाराची गोष्ट निराळी आहे. शेकडा पाच रुपये दरमहा म्हणजे वर्षाला शंभरावर साठ. पुष्कळांनी हा गुणाकार कधी केलेलाच नसतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा ठरविला आहे आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई केली आहे. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेऊन जमीन बळकावली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत ते सिद्ध झाल्यास जमीन परत देवविण्याचा अधिकार त्यास आहे. तरी आमचा पहिला आग्रह हाच की कोऱ्या मुद्रांकावर अंगठा उठवू नये व कोरा धनादेश सही करून देऊ नये.

येथे एक कडू गोष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. असे व्याज घेणारे सर्वच बाहेरचे नसतात. ज्यांस पगार किंवा पेन्शन आहे असे आमच्याच मंडळीतील काही सभासद आपल्याच भावास व्याजाने पैसे देतात आणि रविवारी त्याच्याच शेजारी बसून प्रभुभोजन घेतात. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात यरुशलेमचे लोक शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली आणि मुली दासी झाल्या म्हणून ओरडले, तेव्हा नहेम्याने परक्या राजास दोष दिला नाही. आपल्याच सरदारांस सभेत उभे केले. आपण स्वतः, आपले भाऊ व आपले चाकर ह्यांनीही पैसा व धान्य दिले आहे हे त्याने तेथेच उघड सांगितले, आणि शेते परत देवविली. पंचायतीने आधी आपली वही उघडावी, मग कर्जदाराची.

आमच्या पुष्कळ सभासदांस जमीनच नाही. त्यांचे कर्ज बँकेचे नसून मुकादमाच्या उचलीचे आहे. दिवाळीपूर्वी उचल घ्यावयाची, नवराबायकोने एक कोयता म्हणून कारखान्यावर जावयाचे, मुले शाळेतून काढून पालात न्यावयाची, आणि हंगामाअखेर अंगावर फिरलेली बाकी घेऊन परत यावयाचे. ह्यास आम्ही दास्य म्हटल्यास अतिशयोक्ती होईल काय? त्या विधवेची मुले सावकार नेणार होता. येथे आईबापच मुलांस घेऊन जातात, एवढाच भेद. कर्जापायी माणसास वेठीस धरणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंद झाले आहे, आणि बाकी राहिली म्हणून कोणास डांबून ठेवल्यास तहसीलदाराकडे किंवा पोलिसांत तक्रार करता येते. आमच्या उपदेशकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे व हंगामास निघणाऱ्या कुटुंबांची उचल वहीत मांडून द्यावी. आजी-आजोबांपाशी मुलास ठेवून शाळा चालू ठेवता येते. मंडळीने त्याच्या भाकरीची सोय केली पाहिजे.

बचतगटांच्या व छोट्या कर्जकंपन्यांच्या आठवड्याच्या हप्त्यांनी आमच्या भगिनी गांजल्या आहेत हेही आम्ही जाणतो. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या ओट्यावर येऊन बसतात. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, ऋण देणाऱ्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, असे बंधन आहे. आणि ज्या जात्यावर कुटुंबाचे पीठ होते ते गहाण घेण्यासही मनाई आहे. आजच्या राज्याच्या कायद्यातही हीच दया आहे. १९०८ च्या दिवाणी संहितेने शेतकऱ्याची अवजारे व बैल, कारागिराची हत्यारे, घरातील स्वयंपाकाची भांडी व नेसूची वस्त्रे जप्तीतून वगळली आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आदेश दिला की वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर कर्जदारास फोन करू नये, धमकावू नये आणि त्याच्या घरच्यांची व शेजाऱ्यांची चारचौघांत विटंबना करू नये. हप्ता देणे आहे हे खरे. पण अब्रू कोणीच गहाण ठेवलेली नाही.

अलीशाने त्या बाईस पैसे दिले नाहीत. घरात काय उरले आहे असे त्याने विचारले, आणि एक कुपी तेल आहे हे तिच्याकडूनच वदविले. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले. शेजाऱ्यांनी कर्ज दिले नाही की जामीनकीही पत्करली नाही, भांडी दिली. मंडळीने हाच कित्ता गिरवावा. गरीब भावाने दुसऱ्या गरीब भावास जामीन राहून दोघांनीही बुडावे, ह्यापेक्षा पेरणीस बैलजोडी द्यावी, शेळीचे करडू अर्धेलीने द्यावे, मुलीचे लग्न साध्या पद्धतीने लावून मंडप व भांडी सर्वांनी मिळून आणावीत. लग्नाचे कर्ज हे आमच्यात दुष्काळाच्या कर्जाहून कमी नाही, आणि ते मात्र आभाळातून पडलेले नसते.

तेल झाले तेव्हा अलीशाने जो क्रम सांगितला तोही पाहा. ते विकावे, देणे फेडावे, आणि उरलेल्यावर तिने व मुलांनी जगावे. देणे आधी. शासनाने २००८, २०१७ व २०१९ साली कर्जमाफी दिली आणि अनेक घरे त्यामुळे वाचली. पण माफी पुन्हा येईल म्हणून भरण्याची ऐपत असता न भरणे हे त्या विधवेच्या रांगेत बसत नाही. त्याचबरोबर, जगण्यापुरते उरलेच पाहिजे हेही त्याच वाक्यात आहे. पोरांच्या तोंडचा घास काढून हप्ता भरणाऱ्याने आधी बँकेत जाऊन हप्ता लहान करून घ्यावा.

आणखी एक गोष्ट, जी ह्या दिवसांत उघड बोलली पाहिजे. आमच्या मराठवाड्यात कर्जापायी माणसांनी आपला जीव दिला आहे, आणि त्यांत चांगली, देवभिरू माणसे होती. आपण गेलो म्हणजे कर्ज सुटेल असे त्यांस वाटले. ते तसे सुटत नाही. धनी गेला म्हणजे त्याचे देणे त्याच्या मिळकतीवर राहते, आणि त्या विधवेप्रमाणे त्याची बायको एकटी सावकारापुढे उभी राहते. वारसांनी मात्र हे जाणावे की त्यांचे दायित्व वारसाने आलेल्या मिळकतीपुरतेच आहे. जामीन राहिले नसतील तर आपल्या मजुरीतून ते देणे भागविण्यास ते बांधलेले नाहीत. ज्या भावाचे बोलणे तुटले आहे, जो रात्री जागा असतो, त्याच्या घरी उपदेशकाने त्याच दिवशी जावे; उद्यावर टाकू नये. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्यास पैसे पडत नाहीत.

ज्यांचे कर्ज फिटले त्यांस एक सूचना. शेवटचा हप्ता भरल्याच्या दिवशीच बेबाकीचा दाखला मागून घ्यावा, आणि तो तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घ्यावा. कर्ज फिटून वर्षे लोटली तरी कित्येकांच्या उताऱ्यावर बापाच्या नावचा बोजा तसाच आहे, आणि मुलगा पेरणीसाठी बँकेत गेला म्हणजे त्यास ते तेथे प्रथम कळते.