थांबणं हाही यज्ञच

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२



देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो भोगतो, त्याला भगवंत इथे सरळ चोर म्हणतात.

उजनीकाठची गावं ऊस पिकवतात, सोलापूर शहर तेच पाणी पितं, आणि पुढे तेच पंढरपुरात चंद्रभागा होतं. ही भीमा उगम पावते भीमाशंकरच्या जंगलात. सह्याद्रीत एकेकाळी कोळशासाठी बेसुमार तोड झाली. भीमाशंकरला १९८५ मध्ये अभयारण्याचं संरक्षण मिळालं. कुऱ्हाड थांबली की तुटलेल्या बुंध्यांनाही धुमारे फुटतात.

मग जंगल आपोआप सावरतंय, तर आपलं देणं फिटलं का? मला वाटतं, नाही. 'आपोआप' काहीच झालेलं नाही. तिथल्या आदिवासींच्या सरपणावर, चराईवर बंधनं आली. इकडे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात गावंच्या गावं बुडाली. सोसलं त्यांनी, ओंजळ भरली आपली. त्यांचा त्याग आपल्या खात्यात कसा जमा होईल?

यज्ञ म्हणजे फक्त अग्नीत टाकणं नव्हे. घेता येत असूनही न घेणं, हीसुद्धा आहुतीच. आज पाण्याचा पहिला घोट घेताना एवढंच विचारूया : मी स्वतःहून काय घ्यायचं थांबवलं?

राम कृष्ण हरी 🙏