विचारले तर काय सांगाल?



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरची ख्रिस्तसभा मिशन रविवार पाळते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस नेमून दिला. त्या दिवशी आपण मिशनकार्यासाठी प्रार्थना करतो, दानपेटीत यथाशक्ती टाकतो, आणि मिशन म्हणजे दूर कुठेतरी फादर-सिस्टर करतात ते काम, अशी समजूत मनाशी ठेवून घरी जातो. आपल्या बीड जिल्ह्यात नेमक्या याच दिवसांत आणखी एक तयारी चाललेली असते. दसरा झाला, की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, पीठमीठ आणि लहान लेकरे घेऊन निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने गावात उरतात ती म्हातारी माणसे. एकीकडे ख्रिस्तसभा म्हणते, "जा"; दुसरीकडे आपली माणसे जातच असतात. या दोन जाण्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, याचा आज आपण विचार करू या.

संत मार्कच्या शुभवर्तमानात (मार्क ५:१-२०) गरसेकरांच्या प्रदेशातील एका माणसाची हकिकत आहे. हा माणूस थडग्यांमध्ये राहत असे, रात्रंदिवस ओरडत असे, दगडांनी आपलेच अंग ठेचून घेत असे. प्रभू येशूने त्याला दुष्ट आत्म्यांपासून मुक्त केले. गावकऱ्यांना मात्र भीती वाटली. त्यांची सुमारे दोन हजार डुकरे बुडाली होती. आमच्या हद्दीतून निघून जावे, अशी विनंती त्यांनी प्रभूला केली. प्रभू होडीत चढू लागला, तेव्हा बरा झालेला तो माणूस मलाही बरोबर घ्या म्हणून विनवू लागला. मच्छीमारांना जाळी सोडायला लावणाऱ्या, जकातदाराला नाक्यावरून उठवणाऱ्या प्रभूने या माणसाला मात्र होडीत घेतले नाही. त्याने त्याला स्वतःच्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवले आणि देवाने तुझ्यावर कशी दया केली तेवढे त्यांना सांग, असे काम दिले.

पुढे सातव्या अध्यायात प्रभू पुन्हा त्याच दहा नगरांच्या प्रदेशात येतो. ज्या मुलखाने त्याला जायला सांगितले होते, तिथले लोक आता एका बहिऱ्या, बोबड्या माणसाला घेऊन त्याच्याकडे येतात आणि याच्यावर हात ठेवा म्हणून विनवतात. मधल्या काळात तिथे काय घडले, हे मार्क लिहीत नाही. पण त्या मुलखात प्रभूविषयी बोलत फिरणारा एकच माणूस तोवर आपल्याला शुभवर्तमानात भेटलेला असतो. तो ना प्रेषित होता, ना शास्त्री. त्याला धर्मशिक्षण मिळाले नव्हते. त्याच्यापाशी फक्त त्याची स्वतःची हकिकत होती, आणि ती खरी आहे की खोटी हे ताडून पाहणारे शेजारी होते.

हे शेजारी महत्त्वाचे आहेत. शहरात माणूस झाकून राहू शकतो, गावात नाही. कोण दारू पिऊन आला, कुणी बांध कोरला, कुणी भावाच्या वाटणीचे खाल्ले, हे गावाला ठाऊक असते. म्हणून गावात कोणी दारू सोडली, कोणी कोर्टातला दावा मागे घेऊन भावाला घरी जेवायला बोलावले, तर तेही गावाच्या नजरेत भरते. मग कोणीतरी विचारते, "काय हो, हे कसं काय झालं?" श्रद्धेची साक्ष या प्रश्नापासून सुरू होते.

आता ऊसतोडीच्या फडाकडे पाहू. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे अंधारात काम सुरू होते. रविवार असो की सण, कारखान्याला ऊस लागतोच. आजारपणात खाडा झाला, की पैसे कापले जातात. जवळपास चर्च असेल, मिस्सा मिळेल, याची शाश्वती नसते. आपल्याला वाटते, हे सहा महिने श्रद्धेच्या दृष्टीने वायाच गेले. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात वेगळेच चित्र दिसते. यरुशलेममध्ये छळ सुरू झाला, तेव्हा प्रेषित तिथेच राहिले. पांगले ते साधे श्रद्धावंत, घरदार सोडून गेलेली कुटुंबे. आणि जिथे जिथे ती गेली, तिथे शुभवार्ता पोहोचली. पोट आणि जीव घेऊन निघालेली ही माणसेच मिशनरी झाली.

फडावर शेजारच्या कोपीतली बाई तापाने फणफणली असता तिच्या वाटणीच्या चार मोळ्या आपल्या डोक्यावर घेणे, तिचे लेकरू आपल्या लेकराबरोबर जेवू घालणे, वाढे विकून आलेल्या पैशांत कुणाचा हिस्सा न दाबणे, दिवसभर राबून रात्री कोपीत दिव्याजवळ बसून जपमाळेचा एक तरी दशक म्हणणे, हे सारे आपल्या हातचे आहे. आणि आपल्यातील कोणी मुकादम असेल, तर उचलीची सरळ, वाचून दाखवलेली वही हीच त्याची साक्ष. ती वही वाकडी असेल, तर त्याच्या गळ्यातला क्रूस लोक पाहतील, पण त्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

इथे एक शंका येईल. चांगले वागलो म्हणजे पुरे झाले, बोलायची काय गरज? पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ता-प्रसाराविषयी जे पत्र लिहिले, त्यात या शंकेचा विचार केला आहे. शब्दांवाचून दिलेली साक्ष ही पहिली पायरी आहे, असे ते म्हणतात. पण ती तेवढ्यावरच थांबली, तर अपुरी राहते. लोकांच्या मनात प्रश्न उठवला आणि उत्तर दिलेच नाही, तर आपला मोठेपणा तेवढा लोकांच्या लक्षात राहील, प्रभूचे नाव कधीच कळणार नाही. म्हणूनच संत पेत्र (१ पेत्र ३:१५) आपल्याला सांगतो, की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले, तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा. मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्या.

कारण सांगणे म्हणजे वादात जिंकणे नव्हे. तर्कशास्त्रात सिद्धता आणि साक्ष यांत फरक करतात. सिद्धता मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते. दोन आणि दोन चार हे नाकारता येत नाही. साक्ष मात्र ऐकणाऱ्याला मोकळे ठेवते. त्याने विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये. प्रभूला आपल्याकडून साक्ष हवी आहे. उत्तर देऊन झाले, की आपले काम संपते. पुढचे देव आणि तो माणूस पाहून घेतील.

या बाबतीत आपल्या मराठी ख्रिस्ती समाजापुढे एक उदाहरण आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. त्याच डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्यांनी या तरुण कवीशी आदराने गप्पा मारल्या, ख्रिस्ताविषयी बोलणे झाले, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. पण मराठीत प्रभूची भजने म्हणणाऱ्या कोणत्याही पंथाच्या माणसावर त्यांचे ऋण आहे.  आपल्या त्या अर्ध्या प्रवासाच्या बोलण्यातून काय उगवले, हे त्या गृहस्थांना कळले असेल असे वाटत नाही.

याच घरातली दुसरी गोष्टही विसरू नये. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीबरोबर बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांनी तो १९०० साली घेतला. मधली पाच वर्षे मनस्तापाची होती. 'स्मृतिचित्रे' वाचताना कळते, की त्यांचे मन कोणी वाकवले नाही. सोवळे-ओवळे, जातिभेद यांचा विचार करत करत त्या स्वतःच्या पायांनी तिथवर आल्या. घरातल्या माणसालासुद्धा वेळ द्यावा लागतो, तर शेजाऱ्याला किती द्यावा लागेल!

पण मग आपण बोलत का नाही? याची कारणे खरी आहेत आणि ती लपवून उपयोग नाही. पहिले कारण कागदाचे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांना त्यात घेतले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. गावकुसाबाहेरचे जिणे धर्मानुसार बदलले नाही, सवलत मात्र गेली. त्यामुळे लेकराच्या शिक्षणाची, नोकरीची चिंता असलेल्या आईबापांच्या तोंडी "तुम्ही कोण?" या प्रश्नाचे उत्तर अडखळते. अशा आईबापांना या पानावरून दोष द्यायचा नाही. न्याय मागण्याचा आपला हक्क आहे आणि तो आपण सनदशीर मार्गाने मागत राहू. एवढेच म्हणायचे, की कागदाच्या भीतीने घरातली प्रार्थनासुद्धा दार लावून, हळू आवाजात होऊ लागली, तर उद्या आपल्या लेकरांना येशू ही लाजेची गोष्ट वाटेल. शेजाऱ्यांना नंतर सांगता येईल; लेकरांना आजच सांगावे लागेल.

दुसरे कारण संशयाचे. श्रद्धेविषयी बोललो, की हे धर्मांतर करायला आले, असे कोणी म्हणेल ही धास्ती असते. त्यासाठी आपली बाजू आपल्याला नीट ठाऊक हवी. भारतीय संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. त्याच वेळी, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. आणि त्याआधीच, १९६५ साली, द्वितीय व्हॅटिकन महासभेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात श्रद्धावंतांना बजावले होते, की श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष यांचा वाराही लागू देऊ नका. विशेषतः समोरचा माणूस गरीब, अशिक्षित असेल तेव्हा. आपल्या जिल्ह्यात दुष्काळाने आणि कर्जाने वाकलेली माणसे पावलोपावली भेटतात. त्यांना भाकर द्यायची ती भूक लागली आहे म्हणून द्यायची. भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा त्या माणसाचा अपमान आहे आणि प्रभूचाही.

तिसरे कारण भाषेचे. आपण तारण, कृपा, पापक्षमा असे शब्द सहज वापरतो. पारावर बसलेल्या शेजाऱ्याला ते आपले वाटत नाहीत. आपल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. लोकांना कळावे म्हणून परमार्थ मराठीत सांगणाऱ्यांची ही भूमी. आपणही शेजाऱ्याला त्याच्या बोलीत सांगू या. "कर्जाच्या टायमाला जीव द्यावा वाटत होतं, प्रार्थनेनं धरून ठेवलं," हे वाक्य बांधावरच्या माणसाला कळते. ते खरे असेल, तर त्याहून अधिक काही लागत नाही.

म्हणून या आठवड्यासाठी एक छोटी गोष्ट करू या. रोज संध्याकाळी घरात जपमाळ झाल्यावर प्रत्येकाने, लेकरांनीसुद्धा, एका वाक्यात सांगावे: प्रभूने माझ्यासाठी काय केले? पाठ केलेले नको, स्वतःचे हवे. वाक्य सुचले नाही, तर तेवढा वेळ गप्प बसून प्रभूला विचारावे. हे वाक्य तयार असले, की कोणी विचारल्यावर धांदल होणार नाही.

जी कुटुंबे कारखान्यावर निघणार आहेत, त्यांनी जाण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सा संपल्यावर वेदीपाशी थांबावे. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आपण सर्व जण प्रार्थना करू. मिशनरी परदेशी निघाला, की ख्रिस्तसभा त्याला आशीर्वाद देऊन पाठवते. आपल्या माणसांनाही तसेच पाठवू. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे, आश्रमशाळेत किंवा आजीपाशी ठेवलेल्या लेकरांकडे लक्ष देणे हे गावात राहणाऱ्यांचे मिशन.

हे प्रभू येशू, तू ज्याला होडीत घेतले नाहीस, त्याला तू टाकलेही नाहीस. आमच्या घरी, आमच्या वस्तीत, उसाच्या फडावर आमच्याबरोबर ये. आमच्या वागण्याने शेजाऱ्यांच्या मनात प्रश्न उठू दे, आणि त्यांनी विचारले, की खरे उत्तर देण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू