गणना आणि भूतदया

दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे फिरंगाईचे देवस्थान आणि रासायनिक कारखान्यांची वसाहत शेजारी नांदतात, तर या पट्ट्यातील कोरड्या माळरानांवर लांडगा, खोकड, चिंकारा, गवत आणि माती मिळून परिसंस्था, म्हणजे सजीव व त्यांच्या निर्जीव भोवतालाची परस्परबद्ध व्यवस्था, घडते. तेथील जीवांची गणना करताना, समजा, उंदरांपैकी ४० खुणा करून सोडले आणि पुढे पकडलेल्या ५० मध्ये १० खुणेचे निघाले, तर त्यांची एकूण संख्या सुमारे २०० मानतात. अर्थात मधल्या काळात मृत्यू वा स्थलांतर फारसे झालेले नसावे. या अनुमानात कोणताही जीव दुसऱ्याच्या जागी चालतो. भूतदयेला मात्र प्रत्येक जीव एकमेव वाटतो, आणि लांडग्याने मेंढी नेलेल्या धनगरालाही ती मेंढी कळपातील एक आकडा वाटत नाही.