नाव एक, सेवा तीन



शिरूर तालुक्यात रांजणगाव नावाची दोन गावे आहेत; एक गणपतीचे, दुसरे सांडस. पाहुण्याला नुसते रांजणगावी बोलाविले, तर तो भलत्याच वेशीत उतरावयाचा. म्हणून कोणते रांजणगाव, हे विचारल्यावाचून आपण राहत नाही. गावांविषयी बाळगितो ती सावधगिरी माणसांविषयी बाळगितो काय, हा प्रश्न आज आम्ही मंडळीपुढे ठेवितो.

भीमा ओलांडून दौंड तालुक्यात केडगावी गेले, की रमाबाई म्हणजे पंडिता रमाबाई. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई म्हणजे रमाबाई रानडे. आणि भीमजयंती ज्या वस्त्यांत साजरी होते, तेथे रमाबाई म्हणजे रमाई आंबेडकर. नाव एकच, जिणी तीन.

पहिलीला 'पंडिता' ही पदवी 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिली. परंतु दुष्काळात टाकिलेल्या मुलींना पोटाशी धरून केडगावी मुक्तिसदन वसविण्याचे काम पदवीने केले नाही. मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले व 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या. दुसरीचे माहेरचे नाव यमुना. रमा हे सासरचे. न्यायमूर्तींच्या मृत्यूनंतर दुःख कवटाळून न बसता त्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभारिले, आणि स्त्रियांना शिक्षणाची व शुश्रूषेच्या कामाची वाट मोकळी केली. तिसरीने कोणतीही संस्था काढिली नाही. पती परदेशी शिकत असता तिने मुंबईत दारिद्र्याशी झुंज दिली. पाच लेकरांपैकी चार मातीआड झाली. 1935 साली तीही गेली. डॉक्टर आंबेडकरांनी 1940 साली पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ तिच्या स्मृतीस अर्पिला.

पहिल्या दोघी परक्या नव्हत्या. 1882 साली पुण्यात पंडिताबाईंनी आर्य महिला समाज स्थापिला, तेव्हा रानडे यांच्या पत्नी तेथे जात. एकाच गुरुबाईंपाशी दोघी इंग्रजी शिकल्या. पुढे एकीने धर्म बदलिला, दुसरीने नाही. तरी टाकलेल्या स्त्रीचे अश्रू दोघींनीही पुसले.

प्रभूच्या बारा शिष्यांत दोन शिमोन, दोन याकोब व दोन यहूदा होते. दुसऱ्या यहूदाचा उल्लेख करिताना, हा इस्कर्योत नव्हे, हे योहानास मुद्दाम सांगावे लागले. नावाने विश्वासघातकी तरला नाही, आणि विश्वासू बुडालाही नाही. तर मग बाप्तिस्म्याच्या वहीत आपले नाव आहे, एवढ्यावर आपण कसे स्वस्थ बसावे? नाव आईबाप देतात, सासर देते, मंडळी देते. त्या नावाला अर्थ मात्र आपल्या हातांच्या कामाने येतो.

आणखी एक खेदाची गोष्ट. एकाच वेशीच्या आत राहून आम्ही शेजाऱ्याची रमाबाई ओळखत नाही. केडगावची ती आमची, रमाई त्यांची, असे म्हणून आळीआळीत भिंत घालितो. ज्या मेंढपाळाला प्रत्येक मेंढरू नावानिशी ठाऊक आहे, त्याच्या कळपातील माणसांना हे शोभते काय? येत्या आठवड्यात प्रत्येकाने शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून विचारावे, तुमच्या रमाबाईंनी काय सोसले व काय केले? तो सांगेल ते मन लावून ऐकावे, आणि मग आपलीची गोष्ट सांगावी.