कमरेला पिस्तूल, हाताला सराव नाही

लग्नसराईत नगरकडच्या मोठ्या मंगल कार्यालयात कमरेला पिस्तूल लावलेला एखादा तरी पाहुणा दिसतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट मुद्दाम जरा वर सरकलेला असतो. त्याला एकदा विचारून पाहा, "दादा, डाव्या हातानं कधी चालवलंय का?" दादा हसतील. पण उजव्या हाताने शेवटचे कधी चालवले, हे आठवायलाही त्यांना वेळ लागेल.

प्रश्न थट्टेचा नाही. जीव वाचवायला शस्त्र घेतले, तर त्या क्षणी उजवा हात मोकळा आणि धड असेलच, याची हमी कोण देणार? कोयत्याचा पहिला वार माणूस बहुधा हातावरच झेलतो. नाहीतर त्या हातात घाबरलेले पोर असते. म्हणून खरे उस्ताद दुसऱ्या हाताचाही सराव करून घेतात, आणि तो सराव अतिशय कंटाळवाणा असतो. डाव्या पंजात पिस्तूल आले की मनगट लटपटते. चाप ओढताना बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते आणि गोळी भलतीकडे जाते. सेफ्टीचा खटका अनेक पिस्तुलांना उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेला असल्याने तो चाचपडावा लागतो. नेम धरणारा डोळा उजवा आणि हात डावा, म्हणून मानही नव्याने वळवावी लागते. हे सगळे आधी रिकाम्या पिस्तुलावर, मग रेंजवर, उस्तादाच्या नजरेखाली, महिनोन्महिने.

हंगेरीचा सैनिक कारोली टाकाच याचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्याने गाजावाजा न करता डावा हात तयार केला आणि पुढच्याच वर्षी नेमबाजीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक त्याचेच होते.

एवढी मेहनत घेणाऱ्याला आपली गोळी किती सहज चुकते हे पक्के कळलेले असते. म्हणूनच तो वरातीत बार काढत नाही. आपल्याकडे तेवढ्यासाठी कायदा करावा लागला: शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेण्याची अट २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. तिचा कागद तेवढा फायलीला लागतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिला आहे, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळाचा. थरथरत्या हाताला ही मर्यादा कशी पाळता येणार?

गावठी कट्ट्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावे लागते. चोपड्याला लागून असलेले मध्य प्रदेशातले उमर्टी असे कट्टे बनवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने नगर जिल्ह्यातल्या केडगाव आणि जामखेड इथे गोळ्या चालल्या, दोन्हीकडे दोघा-दोघांचे जीव गेले. आणि स्टेटसला कट्ट्याचा फोटो टाकणाऱ्या पोरांना 'भाई' म्हणणारे आपल्याच गल्लीत आहेत. कट्टा रेंजवर नेता येत नाही, म्हणजे तो बाळगणारा कायमचा अडाणीच. वर नळी फुटली तर जायचा तो उजवा हातच.

वस्तीवर राहणाऱ्यांची भीती मात्र खोटी नाही. रात्री कुत्री भुंकू लागली की उसाच्या रानातल्या घरात झोप उडते. पण तिथे कपाटातल्या पिस्तुलापेक्षा ११२ ला केलेला फोन आणि हाकेला धावणारे शेजारी आधी कामाला येतात. शेजाऱ्याशी बांधाच्या वादातून बोलणे बंद असेल, तर ते आधी सुरू करा.

तेव्हा परवानाधारक दादा, पुढच्या नूतनीकरणाआधी रेंजवर जा आणि दोन्ही हातांची परीक्षा द्या. तेवढा वेळ नसेल, तर पिस्तूल रीतसर जमा करा आणि परवाना जिल्हाधिकाऱ्यांना परत करा.